काडपापाचा मुलूख

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

आजरा
१६ फेब्रुवारी २००३

चि. सौंदूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं येतात, मी उत्तर देत नाही. रागावू नकोस. बसवेश गेल्यापासून पेन हातात धरलं की पहिला शब्द कुठला लिहायचा तेच कळेनासं होतं. येणाऱ्या बायका म्हणतात, पाच महिन्यांचं तर होतं, एवढं काय मनाला लावून घेतीस, होतील की आणखी. मी उठून चहा ठेवते.

आज लिहायला कारण झालं. काजूच्या मळ्यात बसवेशची समाधी आहे, तिच्या उशाला ते मोठं फणसाचं झाड. दिवस मावळला की मी तिथं पणती लावायला जाते. परवा पणती लावून उठले आणि वर बघितलं, तर फांदीत दोन डोळे. मांजराचे हिरवे चमकतात. हे निखाऱ्यासारखे तांबडे, आणि तोंडाच्या मानानं केवढे मोठे! ते हलेनात, मीही हलेना. मग पानांतून एक हात आला. पंजा नव्हे सौंदू, हात. बारीक बोटं, त्यांना नखं, आणि आपल्यासारखा अंगठा. त्या हातानं डहाळी धरली. इतकी सावकाश, इतकी घट्ट मूठ मी एकाच जिवाची बघितली आहे.

घरी येऊन सांगितलं. ह्यांनी ताटावरची मान वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "काडपापा असंल. आमच्या म्हायेराकडं असत्यात. त्येच्या डोळ्याला डोळा लावू न्हाय." काडपापा, म्हणजे रानातलं बाळ. 

तू हैदराबादच्या त्या प्रयोगशाळेत असल्याच जनावरांचं काम करतेस ना? हे काय आहे ते मला कळव. फोनवर विचारता येत नाही, फोन ह्यांच्या दुकानात आहे आणि दुकानात कायम माणसं.

तुझी
शिवलीला आक्का

---

हैदराबाद
१ मार्च २००३

प्रिय आक्का,
सा. न.

तुझं अक्षर पाकिटावर बघितलं आणि जिन्यातच उभी राहून पत्र वाचलं. मग धावत सरांकडे गेले. आक्का, तू काय बघितलं आहेस तुला कल्पना नाही! ते लोरिस आहे. माकडांच्या लांबच्या भावकीतलं, बिनशेपटीचं, तळहातावर मावेल एवढं. दिवसभर अंगाचा गोळा करून झोपतं आणि अंधार पडला की मुंग्या-किडे खात हळूहळू फिरतं. मी त्यांच्यावरच काम करते.

गंमत अशी की त्यांच्यात आतून वेगळ्या आणि बाहेरून सारख्या अशा जाती आहेत. घाटाच्या ओल्या रानातलं जरा तांबूस, कोरड्या मुलखातलं करडं. पण विजेरीच्या उजेडात भले भले फसतात. म्हणून आम्ही रंगावर विसंबत नाही. केसाच्या मुळातून डीएनए काढतो आणि त्यातली अक्षरं वाचतो. ती अक्षरं सांगतात हे कुठल्या भावकीतलं आणि ती भावकी कुठवर पसरली आहे. आमच्या भिंतीवर त्याचा नकाशा आहे. त्यात आपला सगळा भाग कोरा आहे. विचार कर, तुझ्या मळ्यात पहिला ठिपका पडेल!

मला त्याचे केस हवेत. फांदीच्या सालीला अडकलेले मिळाले तरी चालतील. बोटांनी धरू नकोस, चिमट्यानं उचल आणि कागदी पाकिटात घाल. प्लास्टिक नको, बुरशी येते.

दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी
सौंदू

(पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. तू कशी आहेस, हे विचारायचं राहिलंच.)

---

आजरा
२२ मार्च २००३

चि. सौंदू,

सोबत केस पाठवले आहेत. कसे मिळवले ते विचारू नकोस, मिळाले. कागदी पाकिटातच घातले आहेत.

मी बरी आहे. आता संध्याकाळची वाट बघावीशी वाटते. बसवेश गेल्यावर पहिल्यांदाच कशाची तरी वाट बघतेय. पणती लावते आणि तिथंच बसते. ते खाली येत नाही, पण लांबही जात नाही. अंधार गडद झाला की शीळ घालतं. बारीक, उंच, वर जाऊन एकदम तुटणारी. मग थांबतं आणि मान वळवून ऐकत बसतं. पुन्हा शीळ, पुन्हा थांबणं. कुणाला बोलावतं गं?

हे मला न्यायला येतात ते बांधावरच उभे राहतात. झाडाखाली यायला म्हटलं तर येत नाहीत. शेजारचे आकाराम म्हणाले, "वैनी, असल्या जागंला सांजचं बसू नका." मी म्हटलं, माझं लेकरू आहे तिथं, मी कुठं बसू?

काय निघालं ते लवकर कळव.

तुझी
आक्का

---

हैदराबाद
२८ एप्रिल २००३

प्रिय आक्का,

तुझ्या काडपापाची अक्षरं आली. बस आता खाली. तो माणूस निघाला!

आणि माणूस तरी कोणता? अशा वेळी आम्ही प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या अक्षरांशी ताडून बघतो. ती माझ्याशी जुळली, एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. हा डीएनए आईकडून लेकराकडं जसाच्या तसा जातो. म्हणजे आपल्या अव्वाकडून तुला आणि मला, आणि तुझ्याकडून तुझ्या लेकरांना. तेव्हा तुझा काडपापा आपल्याच घराण्यातला! सरांसकट सगळे पोट धरून हसले.

कुणाचा तरी हात लागला असणार, तुझा नाहीतर माझा. तेव्हा नवे केस पाठव. या वेळी जपून हं.

तुझी
सौंदू

---

आजरा
९ मे २००३

सौंदू,

मला ठाऊकच होतं. तुझ्या यंत्राला आत्ता कळलं.

केस कुठून काढले ते मी तुला सांगितलं नव्हतं. थंडी होती म्हणून बसवेशची कुंची फणसाच्या बेचक्यात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी बघते तर ते तीत शिरून झोपलेलं. कुंची त्याच्याच मापाची. मी झाडाखाली उभी राहून किती तरी वेळ बघत राहिले. केस त्या कुंचीतले आहेत.

आईकडून लेकराकडं जसंच्या तसं जातं, असं तूच लिहिलंस. आता आणखी काय पाहिजे? तुम्ही हसा.

मी त्याला घरात आणणार आहे. माळ्यावरचा पाळणा उतरवायला सांगितला आहे. सासूबाई रडतात, हे दुकानात जाऊन बसतात. नवे केस मिळणार नाहीत. त्याला दुखवायचं नाही.

बसवेशची आई

---

हैदराबाद
३ जून २००३

प्रिय आक्का,

काल पोचले. तुझ्याकडं राहिले तेवढ्या दिवसांत तू माझ्याशी धड एक वाक्य बोलली नाहीस, आणि मी बोलायला लागले की कानावर हात ठेवलेस. म्हणून पुन्हा कागदच.

तुझ्या पत्राखालची सही वाचून मी त्याच रात्री गाडीत बसले. तरी जे बघितलं त्याची तयारी नव्हती. पाळणा घरात नाही, फणसाच्या खालच्या फांदीला टांगलेला. त्यात दूध. दुधाला मुंग्या लागलेल्या. तू अंगानं निम्मी झालेली. आणि तू मला इतकंच म्हणालीस, "हळू बोल, जागं होईल."

मी गंमत लिहिली. जिचं मूल जाऊन वर्षही झालं नाही तिला मी असलं लिहिलं, आणि वर लोक हसले असंही लिहिलं. तुझं पहिलं पत्र मी वाचलंच नव्हतं आक्का. त्यातलं जनावर तेवढं वाचलं होतं.

मी शिडीवर चढले तेव्हा दाजींनी शिडी धरली होती. त्यांनी वर एकदाही बघितलं नाही. मी नवा चिमटा, नवे हातमोजे वापरून त्याच्या पाठीचे केस उपटले. त्यानं फक्त डोळे मिटले. खालून तू म्हणालीस, "दुखलं बघ त्याला." तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

जे काय निघेल ते खरं लिहीन. तू वाचशील एवढं वचन दे.

तुझी
सौंदू

---

आजरा
२५ जून २००३

चि. सौंदर्यास,
वीरेशचा आशीर्वाद.

मला पत्र लिवायची सवय न्हाय. दुकानची बिलं सोडली तर म्या कागदाला हात लावत न्हाय. चुकभूल माफ करा.

पाऊस धरलाय. तुमची आक्का छत्री घिऊन झाडाखाली बसती. ताप आलता, डॉक्टर झाले. जेवती थोडं. आई म्हणती तिला गडहिंग्लजला म्हायेरी धाडू. जायाचं नाव काढलं की आकांत करती.

एक विनंती हाय. तुमच्या मशिनीत काय निघायचं ते निघू दे. पण पत्रात असं लिवा की जनावर हितलंच हाय, घाटातलं हाय, लई दिवस ह्याच रानात ऱ्हातंय. एवढंच. ज्यादा खोलात जाऊ नका. चार महिनं ती भिंतीकडं तोंड करून पडलेली मी बघितलीया. त्या झाडानं तिला उठवून बसवली. आता त्येबी काढून घिऊ नका.

तुमी शिकल्याल्या हायसा. मी हात जोडतो.

आपला
वीरेश

---

हैदराबाद
१९ जुलै २००३

प्रिय आक्का,

निकाल आला. तुला बरं वाटेल असं काहीतरी लिहावं, असं माझ्याही मनात आलं. कागद दोन दिवस कोरा पडून होता. तसं लिहिलं असतं तर नकाशावर एक खोटा ठिपका पडला असता. आणि तू आयुष्यभर झाडाखाली बसली असतीस. तेव्हा खरं लिहिते.

पाठीच्या केसांतली अक्षरं माणसाची नाहीत. ती लोरिसचीच आहेत. तुझ्या-माझ्याशी, अव्वाशी, बसवेशशी त्यांचा काही संबंध नाही. ती घाटातल्या तांबूस जातीशीही जुळत नाहीत. जुळतात ती कर्नाटकात तुमकूरच्या बाजूला, कोरड्या रानात राहणाऱ्या करड्या लोरिसशी. ते रान तुझ्या मळ्यापासून इतकं लांब आहे की आपण एसटीनं निघालो तर दिवस जाईल. हा जीव जमिनीवर चालायला घाबरतो, फांदीवरून फांदीवर जातो. मधल्या नद्या, उसाची शेतं, रस्ते ओलांडून तो स्वतः आलेला नाही. त्याला कुणीतरी आणलं आहे.

का आणलं, मला माहीत नाही. त्यांना पकडून विकतात, मंत्रतंत्राला वापरतात, एवढं ऐकून आहे.

तू विचारलं होतंस, ते कुणाला बोलावतं. ते आपल्या जातीला बोलावतं आक्का. मान वळवून ऐकतं ते उत्तरासाठी. तिथं उत्तर द्यायला कुणी नाही. ते जगेल तोवर शीळ घालत राहील आणि ऐकत राहील.

आता पहिल्या वेळचं. मी तुझा किंवा माझा हात लागला असेल असं लिहिलं होतं. पण कुंचीचं कळल्यावर मी पुन्हा विचार केला. त्या कापडात बसवेशची लाळ असणार, घाम असणार. ती अक्षरं तुझी असतील, माझी असतील, किंवा बसवेशचीही असतील. तिघांची एकच असल्यामुळे कुणाची ते यंत्र सांगू शकत नाही. त्या निकालाचे कागद मी फेकले नाहीत. पण ती कापडातली होती, आक्का. झाडावरच्या जिवातली नव्हती.

मला शिव्या दे, पण उत्तर दे.

तुझी
सौंदू

---

आजरा
२३ नोव्हेंबर २००३

चि. सौंदूस,
अनेक आशीर्वाद.

वनखात्याच्या माणसांची परवानगी, डॉक्टरांची तपासणी, सगळं तू तिथून जमवलंस आणि ऐन निघताना तुझी परीक्षा आली. म्हणून काय काय झालं ते सविस्तर लिहिते. मधल्या काळात मी फक्त कामापुरतं कार्ड टाकत होते, कारण हे लिहायला बळ नव्हतं.

तुझं जुलैचं पत्र मी चुलीपुढं वाचलं. "कुणीतरी आणलं आहे" इथं पोचले आणि वर बघितलं. हे उंबऱ्यात उभे होते.  मी फक्त बघत होते. हे खाली बसले.

"म्या आणलं," म्हणाले.

कुणी तरी ह्यांना सांगितलं होतं की सीमेपलीकडे एक बाबा आहे, गेलेलं मूल परत त्याच कुशीत आणून देतो. हे मला न सांगता गेलते. बाबानं सांगितलं, काडपापा आण, अमावास्येला त्याचे डोळे काढ, काजळ कर, बायकोला घाल. हे विचारत विचारत तुमकूरपर्यंत गेले, बुट्टीत घालून जनावर आणलं. आणि अमावास्येला मळ्यात बुट्टीचं झाकण काढलं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. त्येनं माझं बोट धरलं. सोडंना. बसवेश धरायचा तसं." हे ढसाढसा रडायला लागले. बसवेशला मातीत ठेवतानाही रडले नव्हते. "मला हुईना, शिवलीला. झाडावर सोडलं आणि घरला आलो. वाटलं जाईल कुठं तरी. तर ते तुलाच घावलं. आणि तू बोलाय लागलीस. मग कसं सांगू?"

मी तिथून उठले. किती दिवस मी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही ते लिहीत नाही. राग कशाचा आला होता? डोळे काढायला निघाले ह्याचा, की मला फसू दिलं ह्याचा, की त्यांनाही त्या मुठीत तेच दिसलं होतं ह्याचा? मला वाटत होतं, ते फक्त मला दिसतं.

झाडाखाली गेले. पाऊस उघडला होता. त्यानं शीळ घातली, थांबलं, मान वळवली. तुझं पत्र वाचल्यावर ती शीळ ऐकवेना. इतके महिने मी तिच्यात 'आई' अशी हाक ऐकत होते. मीही तेच करत होते की. हाक मारायची आणि कान लावून बसायचं. त्याला त्याच्या जातीचं उत्तर हवं होतं आणि ऐकायला मी बसले होते.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "जिथनं आणलं तिथं पोचवायचं. तुम्ही यायचं, मीही येणार." हे म्हणाले, "व्हय."

पुढचं तुला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले वाळलंय पण निरोगी आहे. नेण्याच्या दिवशी सासूबाईंनी त्याच्या पेटीवरून मीठमोहरी उतरवून टाकली. त्याच्या डोळ्याला डोळा लावू नको म्हणणाऱ्या त्या! गाडीत पेटी वनखात्याच्या माणसाच्या मांडीवर होती. मी मागितली नाही. सगळी वाट माझे हात मांडीवर नुसते पडून होते.

तिथलं रान म्हणजे आपल्यासारखं गर्द नाही. करंज, बाभळी, काटेरी झुडपं, मधे मधे शेतं. तिथला राखणदार ईरप्पा म्हणून म्हातारा होता. दिवस मावळल्यावर त्यानं आम्हाला एका करंजाखाली नेलं. विजेरीवर लाल कागद लावला होता. पेटीचं दार ह्यांनी उघडलं, मीच तसं सांगितलं होतं. ते बराच वेळ बाहेर येईना. मग एक हात आला, फांदी धरली, मग दुसरा. जाताना त्यानं मागं बघितलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. बघितलं नाही.

वर गेल्यावर त्यानं शीळ घातली. मी श्वास धरून उभी राहिले. काहीच नाही. पुन्हा शीळ. मला वाटलं इथंही कुणी नसेल तर? इथलीही सगळी कुणी नेली असतील तर? मी निघायला वळले. ईरप्पा हलकेच म्हणाला, "ताळ्री, अव्वा." थांबा.

आणि ओढ्यापलीकडून उत्तर आलं, सौंदू. तशीच शीळ. वर जाऊन तुटणारी. ह्यांनी माझा हात धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तो धरू दिला.

आम्ही तिथंच थांबलो. बऱ्याच वेळानं ईरप्पानं विजेरी वर केली. करंजाच्या शेंड्यात डोळे चमकले. एक जोडी, आणि जरा बाजूला दुसरी. दोन्ही तांबड्या, दोन्ही तेवढ्याच मोठ्या. मी एकीकडून दुसरीकडं बघत राहिले. इतक्या संध्याकाळी ज्याच्याकडं बघत बसले होते, ते त्यातलं कुठलं, मला ओळखता येईना.

"आपलं कुठलं गं?" ह्यांनी विचारलं.

मी ईरप्पाला विजेरी विझवायला सांगितली.

तुझी
आक्का